राजालाही दंड लावणारा जुना आयरिश कायदा न्याय्य म्हणायचा का?

बखरप्रेमी

सातव्या-आठव्या शतकातल्या आयर्लंडबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच सांगतो: बलवानाला वेसण घालायची रीत त्या समाजाला चांगली साधली होती आणि त्याचं श्रेय त्यांना मिळत नाही.

तेव्हा तिथे एकछत्री राज्य नव्हतं. शंभराहून जास्त छोटी राज्यं होती, एकेकाला 'तूअथ' म्हणत. प्रत्येकाचा राजा वेगळा, कायदा मात्र साऱ्या बेटाचा साधारण एकच. तो राजाने केलेला नव्हता. कायदेपंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकून-शिकवून सांभाळलेला. पोलीस नाहीत, तुरुंग नाही. खुनालासुद्धा बहुतेक वेळा भरपाई. मग लोक कायदा पाळत का? एक तर जामीन राहिलेल्या माणसांची आणि भाऊबंदांची भीड, आणि दुसरं म्हणजे स्वतःची प्रत. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं 'सन्मानमूल्य' ठरलेलं असे. इ.स. 700 च्या सुमाराच्या 'क्रीथ गब्लाख' या ग्रंथात ही उतरंड दिली आहे. लहान शेतकऱ्याचं 3 शेद, बऱ्यापैकी गुरंढोरं असलेल्या 'बोआरे'चं 5 शेद, तूअथच्या राजाचं 7 कुमल. दोन शेद म्हणजे एक दुभती गाय आणि एक कुमल म्हणजे साधारण तीन गाई. अपमान झाला की भरपाई त्या मानाने. तुमच्या साक्षीला वजन किती, तुम्ही किती रकमेपर्यंत जामीन राहू शकता, तेही त्याच मूल्यावर ठरे.

आता मुद्द्याचं. वर चढलेल्या माणसाला घसरायलाही तितकीच जागा होती. राजा एकटा कुदळ किंवा कुऱ्हाड घेऊन राबताना सापडला, तर त्याची प्रत सामान्य माणसाची. रणातून पळताना मानेवर मागून वार झाला, तरी तेच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'त्रोस्काद'. बड्या माणसाने देणं बुडवलं, तर फिर्यादीने त्याच्या दारात उपाशी बसायचं. त्याने तारण देऊन मिटवलं तर ठीक. दुर्लक्ष केलं तर कायद्याच्या लेखी त्याला कुणाकडूनही काही वसूल करायचा हक्क उरत नाही. राजाला सैन्याविना वठणीवर आणणारी ही व्यवस्था मला मनापासून थोर वाटते.

उंबरठा

बखरप्रेमी, तुम्ही कुमलचं गाईंमध्ये रूपांतर केलंत आणि पुढे गेलात. कुमल म्हणजे मुळात एक गुलाम बाई. राजाची प्रत सात बायकांच्या भावात मोजणाऱ्या कायद्याला थोर म्हणण्याआधी जरा थांबू या.

गुलामाला सन्मानमूल्यच नव्हतं. त्याला इजा झाली तर भरपाई मालकाला. ज्या पॅट्रिकला आयर्लंडने आपला संत मानलं, त्यालाच ब्रिटनमधून पळवून आणून सहा वर्षं गुरं राखायला लावली होती. कोरोटिकस नावाच्या ब्रिटिश सरदाराच्या सैनिकांनी त्याच्या नव्या ख्रिस्ती अनुयायांना पकडून विकलं, तेव्हा त्याने लिहिलेलं संतापाचं पत्र आजही आहे. त्यानंतर दोनशे वर्षांनीही तिथल्या कायदेपंडितांना हिशेबाला दुसरं माप सुचलं नाही.

आणि स्वतंत्र बाईचं काय? तिचं सन्मानमूल्य सहसा नवऱ्याच्या किंवा बापाच्या निम्मं. मुलगी असताना बाप, लग्नानंतर नवरा, मुलं झाल्यावर मुलगे तिच्यावर लक्ष ठेवतील, असं त्यांच्या एका ग्रंथात स्वच्छ लिहिलं आहे. 'पिता रक्षति कौमारे' आपल्याला पाठ आहे, ते इथेही भेटतं. 'जुन्या आयर्लंडमध्ये स्त्री-पुरुष समान होते' असल्या पोस्टी फिरतात, त्यांना कसलाही आधार नाही.

कायदा_तिसरं_वर्ष

उंबरठाताई, ते वचन आहेच, पण तेवढ्यावर थांबलं तर चित्र अर्धं राहतं. लग्नसंबंधांवरचा 'काइन लानावना' हा ग्रंथ बघा, तोही 700 च्या आसपासचा. वेगळं होताना कुणी काय आणलं होतं आणि कुणी किती राबलं, यावर वाटणी. लोकर नुसती कातरलेली असेल तर बाईचा वाटा सहावा हिस्सा, विंचरून तयार असेल तर तिसरा, कापड विणून झालं असेल तर निम्मं. म्हणजे काम जितकं पुढे गेलं तितका तिचा हिस्सा वाढला. बाईच्या घरातल्या कामाचं मोल असं पायरीपायरीने मोजणारा कायदा त्या काळात सापडणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. नवऱ्याने चारचौघांत बदनामी केली किंवा मारून व्रण उठवला, तर तिला सोडून जाता येई. समानता नव्हती हे मान्य. पण शून्यही नव्हतं.

दक्खनी

दारात उपाशी बसणं म्हणजे आपलं धरणंच की! आपल्याकडून तिकडे गेलं असणार.

हस्तलिखित

दक्खनी, तसा काहीही पुरावा नाही. साम्य खरं आहे आणि ते पहिल्यांदा ठळकपणे मांडणाऱ्यांत हेन्री मेन होता. तो 1862 ते 1869 भारतात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. 1875 च्या व्याख्यानांत त्याने आयरिश उपोषण आणि धरणं शेजारीशेजारी ठेवलं. पुढे त्याच पदावर आलेला व्हिटली स्टोक्स तर जुन्या आयरिशचा नावाजलेला अभ्यासक. शिंद्यांच्या छावणीत थकलेल्या पगारासाठी शिपाई धरणं धरत. इंग्रजांना ते इतकं खुपलं की 1860 च्या दंडसंहितेत कलम 508 खाली दैवी कोपाची भीती घालून दारात धरणं धरणं हा गुन्ह्याचा नमुना म्हणून नोंदवला गेला. कुणी कुणाकडून घेतलं यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं: एका समाजाने जे कायद्यात बसवलं, तेच दुसरीकडे सरकारने गुन्हा ठरवलं.

पण बखरप्रेमी, तुमच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. हे ग्रंथ लिहिले कुणी? पंडितांनी आणि कवींनी. आणि त्यांत सगळ्यात वर कोण? कवींच्या सात पायऱ्यांतल्या सर्वोच्च 'ओलम'चं सन्मानमूल्य राजाइतकंच, 7 कुमल. त्याला साडेतीनशे कथा मुखोद्गत हव्यात, हे खरं. विद्येचा एवढा मान मलाही भावतो. पण त्याच्या हातात निंदाकाव्याचं हत्यार होतं, ज्याने राजाच्या गालावर फोड उठतात अशी समजूत. अन्याय्य निंदेला पूर्ण सन्मानमूल्याचा दंड होता, चिकटून राहील असं टोपणनाव ठेवणंही त्यात मोडे. न्याय्य निंदा कुठली, हे ठरवणारे मात्र यांचेच सोयरेधायरे. शिवाय आपल्या हातातली कायद्याची हस्तलिखितं बहुतेक 14व्या ते 16व्या शतकातली. मूळ मजकूर जुना आहे, पण 'असं व्हावं' आणि 'असं झालं' यांत फरक करायला नको का?

बखरप्रेमी

करायला हवाच. पण सगळंच कागदावरचं नव्हतं. मधमाश्यांच्या कायद्यावर 'बेखब्रेथा' नावाचा अख्खा ग्रंथ आहे. त्यात काँगल काएख या राजाचा दाखला येतो. माशीच्या दंशाने त्याचा एक डोळा गेला. अंगाने व्यंग असलेला राजा चालत नसे, म्हणून तारा या मानाच्या गादीवरचं त्याचं राजेपद गेलं. हा काँगल ऐतिहासिक माणूस, 637 मध्ये माग राथच्या लढाईत पडला. आणि अशा इजेसाठी ग्रंथ ठरवतो काय, तर मालकाच्या पोळ्यांवर चिठ्ठ्या टाकायच्या, ज्यावर चिठ्ठी पडेल ते पोळं भरपाईत द्यायचं. डोळ्याबद्दल डोळा नाही! राजाचा डोळा गेला तरी निवाडा इतका शांत डोक्याने, याला मी संस्कृती म्हणतो.

युद्धाचंही तसंच. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरचा मठाधिपती अडोम्नान याने 697 मध्ये आयर्लंडमधल्या बिर इथे सभा घेतली. बायका, मुलं आणि धर्मसेवक यांना लढाईत मारायचं नाही, असा कायदा झाला आणि 91 राजे व धर्माधिकारी त्याला जामीन राहिले.

कायदा_तिसरं_वर्ष

अडोम्नानच्या कायद्याला +१. मात्र त्याचे दंड आयोनाच्या मठाकडे जात, हेही सांगायला हवं. त्यामुळे कायदा खोटा ठरत नाही, पण हितसंबंध होते.

उंबरठा

त्रोस्कादकडे परत येते, कारण धागा त्याच्यावर उभा आहे. साध्या शेतकऱ्याने देणं थकवलं तर नोटीस देऊन त्याची गुरं हाकून नेता येत. उपोषण करावं लागे ते फक्त बड्यांपुढे, गुरांना हात लावण्याआधी. म्हणजे ज्याच्याकडे द्यायला सगळ्यात जास्त आहे, त्याच्याकडून वसूल करायला सगळ्यात जास्त त्रास सोसायचा, तोही स्वतःच्या पोटाला. बड्याने तारण पुढे केल्यावरही उपोषण चालू ठेवलं, तर फिर्यादीचा दावाच बुडे. तुम्ही याला बलवानाला वेसण म्हणता. मला यात बलवानाला दिलेली सवलत दिसते.

काँगलच्या डोळ्याला निदान एक ग्रंथ मिळाला. त्याच माशीने त्याच्या घरच्या दासीचा डोळा घेतला असता, तर भरपाईचं पोळं काँगलच्याच परड्यात आलं असतं. लोकरीच्या वाटणीतही तिचं नाव नाही. कायद्याची बारीक नजर मला दिसते, तिचं कौतुकही आहे. न्याय्य हा शब्द मात्र मी या कायद्याला लावणार नाही.