प्रतिसाद: प्लेटच्या अंतर्भागातील भ्रंश आणि आपले पठार
सोलापूर प्लेटच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या) कडेपासून दूर असल्याने येथे मोठ्या भूकंपाची भीती नाही, हा वर मांडलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. भारतीय प्लेट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगाने सरकत युरेशियाला भिडते, आणि त्या धडकेचा दाब हिमालयापाशीच न थांबता द्वीपकल्पाच्या प्राचीन खडकांतही पोहोचतो व तेथील जुन्या, दुर्बळ भ्रंशांवर (ज्या भेगांवरून खडकाच्या दोन बाजू सरकतात त्यांवर) साचत राहतो. हे विरूपण (दाबामुळे खडकांचा आकार बदलणे) इतके मंद असते की एकाच भ्रंशाच्या दोन मोठ्या हालचालींमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. शे-दोनशे वर्षांच्या शांततेवरून हमी देता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या जिल्ह्यालाही जागे करणारा किल्लारीचा ६.२ महत्तेचा भूकंप याच जातीचा होता. तेथे खडकाची एक बाजू दुसरीवर चढली आणि नाभी (जमिनीखाली भूकंप जेथे सुरू होतो ती जागा) उथळ असल्याने जमिनीवरही लहान उंचवटे उमटले. त्या भागात बेसाल्टचा थर सुमारे ३४० मीटर जाड असल्याने त्याखालचा भ्रंश वरून ओळखणे अवघडच होते. (मनुष्यहानी मात्र मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमुळे वाढली.) कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाचा दाखला येथे जपून द्यावा, कारण त्यात जलाशयाचाही हात मानला जातो.