आमच्या राज्याचा झेंडा म्हणजे हंगेरीचा उलटा लावलेला का?

मृण्मयी_म्युन्स्टर

हसू नका. जर्मनीत म्युन्स्टरला येऊन मला आठ महिने झाले आणि त्यातले सहा मी समजत होते, की शेजारच्या आजोबांचं हंगेरीशी काहीतरी नातं आहे. त्यांच्या बागेतल्या काठीवर हिरवा-पांढरा-लाल झेंडा असतो. हंगेरीचा वरून लाल-पांढरा-हिरवा, म्हणजे यांनी चुकून उलटा चढवला असणार! परवा धीर करून सांगायला गेले. आजोबांनी चष्मा काढला, झेंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही राहता त्याच राज्याचा आहे हा." घरी येऊन अर्धा तास कानशिलं तापलेली होती.

तर आपल्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याच्या झेंड्याचे हे रंग आले कुठून? सरकारी कचेरीवरच्या झेंड्यात ढाल दिसते, आजोबांच्या झेंड्यात नाही, ते का? आणि त्या ढालीवरचा पांढरा घोडा मी हानोफरलाही पाहिला, तसाच लाल ढालीवर. दोन राज्यांत एकच घोडा कसा?

डेटमोल्डचा_काका

आजोबांना माझा नमस्कार सांग. मी एकोणीस वर्षं डेटमोल्डला आहे, त्यामुळे ढालीतल्या आमच्या गुलाबाबद्दल थोडा पक्षपात करणार, आधीच सांगतो.

आपलं नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन हे दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग ताब्यात असलेल्या ब्रिटिशांनी 1946च्या ऑगस्टमध्ये लावून दिलेलं लग्न. त्यांनी त्या बेताला नावच 'ऑपरेशन मॅरेज' दिलं होतं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या ऱ्हाइन प्रांताचा उत्तरेकडचा भाग आणि वेस्टफालेन प्रांत एकत्र आणले. ऱ्हाइन प्रांताचे दक्षिणेकडचे कोब्लेन्झ आणि ट्रिअर फ्रेंचांच्या वाट्याला होते, ते आज ऱ्हाइनलांड-फाल्झमध्ये. ऱ्हाइनवाल्यांचे रंग हिरवा-पांढरा, वेस्टफालेनचे पांढरा-लाल. पांढरा दोघांचाही, तो मधे ठेवला की झाला झेंडा. हंगेरीचा यात काही संबंध नाही.

आता गुलाब. आमचं लिपं हे डेटमोल्ड राजधानी असलेलं छोटंसं स्वतंत्र राज्य, ते 1947च्या जानेवारीत यात आलं. ढालीत डावीकडे हिरव्यावर नागमोडी ऱ्हाइन नदी, उजवीकडे वेस्टफालेनचा घोडा आणि खाली पांढऱ्या टोकात लिपंचा लाल गुलाब. ही रचना वोल्फगांग पागेनश्टेखर यांची. कायद्याचा शिक्का मात्र 1953च्या मार्चमध्ये बसला. गंमत बघ, लिपंचे रंग पिवळा आणि लाल. पिवळा झेंड्यात कुठेच नाही, फक्त ढालीतल्या गुलाबाच्या मध्यावर आणि त्याच्या पाकळ्यांमागच्या पानांवर. म्हणजे आम्ही ढालीत आलो, पण पट्ट्यांत नाही. इथे राहून मलाही त्याचं थोडं वाईट वाटायला लागलंय.

विकेटकीपर_एसेन

ढालीचं मी सांगतो, कारण त्यात आम्ही तोंडघशी पडलोय. क्रिकेट संघाच्या जर्सीवर राज्याचं चिन्ह छापायचं असं मीच ठरवलं, नमुना पण तयार केला. संघातला एक जर्मन पोरगा बघून म्हणाला, "अरे, तू काय मंत्रालय आहेस का?" ढाल असलेला झेंडा हा शासकीय झेंडा, तो फक्त सरकारी कार्यालयांनी लावायचा. आपल्यासारख्यांनी साधे तीन पट्टे. ते चिन्हही आपल्या मर्जीने कुठेही छापता येत नाही. लोकांसाठी राज्याने त्याचीच सोपी करून काढलेली एक वेगळी आकृती दिली आहे, ती कोणीही वापरू शकतो. आम्ही तीच छापली. खरं सांगू, जर्सीवर तीच जास्त ठसठशीत दिसते.

मृण्मयी_म्युन्स्टर

म्हणजे आजोबा नियमानेच वागताहेत आणि मी त्यांना शहाणपण शिकवायला गेले होते. काका, घोडा राहिला!

डेटमोल्डचा_काका

घोडा दोघांचाही, कारण दोघांनाही जुन्या साक्सन लोकांचा वारसा सांगायचाय. दंतकथा अशी, की फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्याशी लढणारा साक्सन पुढारी विडुकिंड आधी काळ्या घोड्यावर बसायचा आणि 785 साली बाप्तिस्मा घेतल्यावर पांढऱ्यावर. खरं म्हणजे हा घोडा चिन्ह म्हणून वापरात आला त्यानंतर काही शतकांनी; चौदाव्या शतकात, पुढे हानोफरवर राज्य करणाऱ्या वेल्फ घराण्याने तो घेतला. हानोफरचा शासक 1714 साली ब्रिटनच्या गादीवर बसला तेव्हा घोडाही लंडनला गेला आणि 1837पर्यंत तिथल्या राजचिन्हात राहिला.

हानोफर राजधानी असलेल्या नीडरझाक्सन राज्यातही 1946मध्ये, नोव्हेंबरात, हानोफर, ब्राउनश्वाइग, ओल्डेनबुर्ग आणि शाउमबुर्ग-लिपं असे चार भिडू एकत्र आणले. चौघांचे झेंडे वेगवेगळे. तेव्हा त्यांनी सरळ देशाचे काळा-लाल-सोनेरी पट्टे घेतले आणि वर घोडा बसवला.

पुढच्या वेळी हानोफरला गेलीस की शेपूट बघ. आपल्या घोड्याची वर उडालेली, त्यांच्याची खाली.

मृण्मयी_म्युन्स्टर

आत्ताच फोनमधला फोटो मोठा करून बघितला. खालीच आहे. उद्या आजोबांना हे सांगून थोडी अब्रू परत मिळवते.