मदत हवी आहे: कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यामुळे बिघडलेली विहीर आपोआप सुधारते का?

आमचं शेत वणी तालुक्यात, ओपनकास्ट (उघड्या) कोळसा खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याला लागून. तीन पावसाळे झाले, विहिरीचं पाणी बिघडलंय. उपसताना नितळ दिसतं, पण रात्रभर बादलीत ठेवलं की सकाळी तळाला गेरूसारखा गाळ आणि वर तवंग. तेलाचा नाही, बोट लावलं की पापुद्र्यासारखा तुटतो. चहा काळा पडतो. आम्ही ते पिणं बंद केलं, पण गुरांना अजून तेच पाजावं लागतं, आणि त्याचाच घोर आहे.

मे महिन्यातल्या तपासणीत पीएच 6.5 च्या खाली, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं, आणि पिण्याच्या पाण्याच्या कमाल मर्यादेपुढे सल्फेट (लिटरला 400 मिलिग्रॅम) आणि मँगनीज (0.3 मिलिग्रॅम) निघालं.

गावात म्हणतात, ढिगारा जुना झाला की पाणी सुधारेल. मी वाचलं त्यात थोडं तथ्य दिसतं. कोळशाबरोबरच्या पायराइटला (लोखंड आणि गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागून आम्ल होतं. ते चुनखडकातून झिरपलं तर मरतं, लोखंड गाळ होऊन बसतं आणि इतर काही धातूंनाही धरून ठेवतं. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या इथून जवळच, म्हणून आशा वाटते. पण आमच्या विहिरीखाली तो खडक आहे का, हे कसं कळणार? शिवाय चुन्याने सल्फेट फारसं हटत नाही आणि मँगनीज सगळ्यात चिवट. सल्फेट कमी करणारे जिवाणू असतात, पण त्यांना हवा नसलेली जागा आणि कुजका पालापाचोळा लागतो. सडक्या अंड्यासारखा वास आमच्याकडे कधीच आला नाही.

खरी अडचण पुढे आहे. नोव्हेंबरचा अहवाल मेपेक्षा बराच चांगला आला. घरचे खूश झाले. मला मात्र वाटतं, ही पावसाच्या पाण्याची भर असेल. क्लोराइड अशा क्रियांत अडकत नाही, म्हणून सल्फेट आणि क्लोराइड सारख्याच प्रमाणात उतरले तर पाणी फक्त पातळ झालंय, असं मी समजतो. बरोबर आहे का? दोन्ही अहवालांत क्लोराइड तपासलेलंच नाही.

आम्ही चार शेतकरी मिळून खर्च करायला तयार आहोत. ढिगाऱ्यापासून नदीकडे उतारावर ओळीने तीन-चार विहिरी तपासाव्यात की आमच्याच विहिरीचं पाणी दर दोन महिन्यांनी? किती वर्षं? विहिरीत चुना टाकायला एकाने सांगितलंय, त्याने पाझर थांबणार नाही असं मला वाटतं. कुणी केलंय का?

आणि एक, लोखंडासाठीचा नमुना कसा न्यायचा? प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतच गाळ बसतो. वरचंच पाणी तपासलं तर आकडा कमी येणार ना? आम्ल घातलेली वेगळी बाटली मागायची का?