डायना-फॉर्मने काम वाचतं म्हणणाऱ्यांसाठी

खाडीकाठचा (रत्नागिरी): काल इथे कुणीतरी सल्ला दिला, "स्ट्रट्स १ मध्ये फॉर्मसाठी क्लास लिहीत बसू नका, सगळे डायना-ॲक्शन-फॉर्म करा." (स्ट्रट्स १ म्हणजे जावात वेब-ॲप बांधायची जुनी चौकट; डायना-ॲक्शन-फॉर्म म्हणजे फॉर्मची फील्ड जावा क्लासऐवजी एक्सएमएल फाइलमध्ये लिहायची तिची सोय.) राहवेना म्हणून लिहितोय. आंबा बुकिंगचं जुनं ॲप मी सांभाळतो. स्ट्रट्स-कॉन्फिग या एक्सएमएल फाइलमधल्या फॉर्म-प्रॉपर्टीत, म्हणजे फील्डच्या नावात, 'हापूस' इंग्रजीत एका 'यू'ने लिहिलेलं, ॲक्शनमधल्या (फॉर्म आल्यावर चालणाऱ्या कोडमधल्या) गेटमध्ये, जो फील्ड नावाने वाचतो, दोन 'ओ'ने. कंपायलर गप्प. ऐन एप्रिलात पहिल्याच गिऱ्हाइकासमोर इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन, म्हणजे 'असं फील्डच नाही'. साध्या क्लासातला गेटर (त्या फील्डपुरती वाचायची मेथड) असता तर चूक माझ्या टेबलावरच सापडली असती.

बंदरवाला (मालवण): चूक तुमची, दोष डायनाचा? २००३ मध्ये स्ट्रट्स १.१ बरोबर डायना आला तेव्हा सुटलो आम्ही. त्याआधी फील्ड वाढलं की क्लास, गेटर, सेटर, परत बिल्ड (सगळा कोड पुन्हा कंपाइल). पावसात मध्येच लाइट गेली की पहिल्यापासून. आता एक्सएमएलमध्ये एक ओळ, सर्व्हर रिस्टार्ट.

खाडीकाठचा: आणि ते फील्ड वाचायला ॲक्शनमध्ये गेट, वर स्ट्रिंगचं कास्ट (आलेली किंमत स्ट्रिंग आहे हे कोडात सांगणं). बिल्ड टळलं कुठे?

कातळावरचा (देवगड): मुळात 'हापूस' हे स्पेलिंगच कशाला? जीआय (भौगोलिक मानांकन) २०१८ मध्ये मिळाला तो 'अल्फान्सो' नावाने. तेच ठेवा.

बंदरवाला: घरात कोण अल्फान्सो म्हणतं हो? माझी आजी नाही म्हणाली कधी.

कातळावरचा: आजीचं राहू दे. परदेशी गिऱ्हाईक काय शोधतं ते बघा.

खाडीकाठचा: बागायतदार पावतीवर हापूसच लिहितो. कोड त्याच्यासाठी आहे.

पुणेकर: स्ट्रट्स १ चा सपोर्ट २०१३ लाच संपला. अजून त्यातच?

बंदरवाला: नवीन लिहायला पैसे तुम्ही देणार? नाही ना, मग गप्प बसा.

खाडीकाठचा: आणि चेकबॉक्स? 'घरपोच'ची खूण काढली तर ब्राउझर काहीच पाठवत नाही. फॉर्म सेशनमध्ये (गिऱ्हाइकाच्या भेटीभर सर्व्हरवर) टिकलेला, जुनं ट्रू तसंच. एका गिऱ्हाइकाने खूण काढली तरी पेट्या टेम्पोत चढल्या, भाडं मी भरलं. डायनाचा रिसेट (नवी माहिती भरण्याआधी फील्ड कोरी करायची मेथड) रिकामा असतो.

बंदरवाला: साध्या ॲक्शन-फॉर्मचाही रिकामाच असतो! डायनाचा सबक्लास (त्यावर बेतलेला आपला क्लास) करून त्यात रिसेट लिहा. आणि प्रॉपर्टीची नावं कॉन्स्टंटच्या (एकदाच लिहिलेल्या, न बदलणाऱ्या किमतींच्या) एका क्लासमध्ये ठेवा, गेटला तीच द्या.

खाडीकाठचा: रिसेटचं मान्य, तिथे मीच कमी पडलो. पण सबक्लास एक, कॉन्स्टंटचा दुसरा. एक क्लास वाचवायला दोन लिहायचे?

बंदरवाला: ... पैशांच्या फॉर्मला साधा क्लास ठेवा. शोधाच्या फॉर्मला मी डायनाच ठेवणार.

कातळावरचा: स्पेलिंगचं अजून ठरलं नाही.