येशूला देव न मानता त्याची प्रार्थना करणं म्हणजे मूर्तिपूजा नाही का?

शिलालेख (धागाकर्ता)

"माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत" ही पहिली आज्ञा. तिला लागूनच कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको. या आज्ञा शिरोधार्य मानणारे आम्ही ख्रिस्ती लोक नासरेथात वाढलेल्या एका माणसाची उपासना करतो. मग आज्ञा मोडली की नाही? आमच्या मंडळीतली तरुण मुलं हे विचारतात तेव्हा बहुतेक वेळा 'हे रहस्य आहे' असं सांगून त्यांना गप्प केलं जातं. ते मला पटत नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्यावर माणसांनी तुरुंगवास भोगलाय.

फेरेंत्स डाविडचं उदाहरण घ्या. सोळाव्या शतकातला ट्रान्सिल्व्हेनियाचा हा उपदेशक आधी कॅथलिक होता, मग लुथरन, मग कॅल्व्हिनपंथी झाला आणि शेवटी त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) नाकारून एकेश्वरवादी झाला. १५७८ मध्ये त्याला समजावायला फाउस्तो सोचिनी नावाच्या इटालियन विचारवंताला कोलोझ्वारला, म्हणजे आजच्या रुमानियातल्या क्लुजला, बोलावून घेतलं गेलं. सोचिनी डाविडच्याच घरी राहिला आणि कित्येक महिने दोघांचा वाद चालला. गंमत म्हणून नाही, पण लक्षात घ्या: येशू देव नाही, माणूस आहे, यावर दोघांचं एकमत होतं! वाद एवढाच, की त्याची प्रार्थना करायची का. डाविड म्हणे, माणूस आहे ना, मग नाही करायची. सोचिनी म्हणे, स्वर्गात आणि पृथ्वीवर सर्व अधिकार देवानंच त्याला दिलाय (मत्तय २८:१८), तेव्हा त्याची उपासना देवाच्या मर्जीनंच होते. धर्मात नवं काही आणू नये असा तिथे कायदा होता. त्याखाली डाविडवर खटला चालला आणि नोव्हेंबर १५७९ मध्ये तो डेवाच्या किल्ल्यात कैदेतच वारला.

मी डाविडच्या मताचा नाही. येशू देव आहे असं मी मानतो. पण त्या दोघांत सुसंगत बोलत होता तो डाविडच. आणि हेच त्यांच्याही बाराशे वर्षं आधी अगदी उलट्या बाजूनं अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस यानं सांगितलं होतं. त्याच शहरातला पाद्री एरियस म्हणायचा, पुत्र (म्हणजे येशू) हा पित्यानं निर्माण केलेला आहे, सर्वांत थोर असला तरी निर्मितीच. तरी त्याचे लोक पुत्राची उपासना करतच होते. अथानासियसनं त्यांना थेट विचारलं: निर्मितीची उपासना करता, मग तुमच्यात आणि मूर्तिपूजक ग्रीकांत फरक काय राहिला?

माझं म्हणणं एवढंच. येशू पित्याशी एकतत्त्व देव असेल तर त्याच्या उपासनेनं आज्ञा मोडत नाही. नसेल, तर त्याच्या नावची सगळी भजनं आणि प्रार्थना आजच थांबवायला हव्यात. मधला मार्ग, म्हणजे 'देव नाही पण पूजनीय आहे', हीच खरी मूर्तिपूजा.

खाडीकाठ

मधल्या मार्गाला तुम्ही एका वाक्यात निकालात काढलंत, म्हणून लिहिते. मी ख्रिस्ती घरात वाढले, बायबल रोज वाचते, आणि येशू देवाचा अभिषिक्त आहे, देव नाही, असंच मला त्यात दिसतं. "मला उत्तम का म्हणतोस? एक देव सोडून कोणी उत्तम नाही" (मार्क १०:१८) हे त्याचेच शब्द. प्रार्थना शिकवली तीही "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशी.

आता उपासनेचं. १ इतिहास २९:२० काढून बघा. दाविदाच्या शेवटच्या दिवसांत सगळा समुदाय परमेश्वरापुढे आणि राजापुढे मस्तक लववून दंडवत घालतो. एकाच वाक्यात, एकाच क्रियेनं दोघांनाही. तिथे कोणी मूर्तिपूजा म्हणून ओरडलं नाही, कारण राजा परमेश्वराच्या सिंहासनावर बसलेला होता. मान पाठवणाऱ्याचाच. फिलिप्पैकरांस पत्रात पौल हेच लिहितो: प्रत्येक गुडघा येशूच्या नावात टेकावा, पण कशासाठी? "देवपित्याच्या गौरवासाठी." सोचिनीचं नेमकं हेच म्हणणं होतं. त्याला विसंगत ठरवण्याआधी या ओळींचं काय करायचं ते सांगा.

शिलालेख

सांगतो. फिलिप्पैमधलं ते गुडघा टेकण्याचं वाक्य पौलानं यशया ४५:२३ मधून घेतलंय, आणि तिथे बोलणारा स्वतः परमेश्वर आहे: माझ्यावाचून दुसरा देव नाही, माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. तोच यशया तीन अध्याय आधी म्हणतो की मी माझं गौरव दुसऱ्याला देणार नाही (४२:८). जे गौरव देव कोणालाच देत नाही ते पौल येशूला देतो. येशू 'दुसरा' असता तर पौलासारख्या कट्टर परूश्याच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याच्या) हातून हे लिहिलं गेलं नसतं.

दाविदापुढच्या दंडवताबद्दल सहमत, राजाला मुजरा करायला बंदी नव्हती. पण नव्या करारात ही रेघ फार कडक होते. कर्नेल्य नावाचा रोमी शताधिपती पाया पडतो तर पेत्र त्याला उठवतो, "मीही माणूसच आहे." लुस्त्र गावात लोक बैल आणि हार घेऊन येतात तेव्हा पौल आणि बर्णबा कपडे फाडतात. प्रकटीकरणात योहान देवदूताच्या पाया पडतो, तर तो देवदूतही म्हणतो, असं करू नको, देवाला नमन कर. माणूस नको म्हणतो, देवदूत नको म्हणतो. आणि शिष्य थोमा येशूला "माझा प्रभु व माझा देव" म्हणतो तेव्हा येशू नको म्हणत नाही. पेत्र आणि देवदूताची ही उदाहरणं अथानासियसनंच एरियसच्या लोकांपुढे ठेवली होती, मी फक्त पुन्हा मांडतोय.

अश्दोदकर

मी बेने इस्राएल, म्हणजे मूळचा कोकणातला यहुदी. घरात अजून मराठी बोलतो. आमचे पूर्वज कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. शेकडो वर्षांत ते हिब्रू विसरले, बरेच सण विसरले. जे विसरले नाहीत ते एक वाक्य: शेमा इस्राएल, आपला देव परमेश्वर एकच आहे. सुंता असो, लग्न असो, मयत असो, तेच वाक्य. म्हणून या विषयावर मला अलिप्तपणे बोलता येत नाही.

शिलालेख, 'येशू देव असेल तर प्रश्नच उरत नाही' असं तुम्ही म्हणता. आमच्यासाठी प्रश्न तिथेच सुरू होतो. अनुवादाच्या पुस्तकात (४:१५) मोशे सांगतो, होरेब डोंगरावर परमेश्वर अग्नीतून बोलला त्या दिवशी तुम्ही कोणतीही आकृती पाहिली नाही, म्हणून पुरुषाची किंवा स्त्रीची प्रतिमा करून बिघडू नका. बंदीचं कारणच हे, की त्याला आकृती नाही. जो आईच्या पोटी जन्मला, जेवला, झोपला, मेला, त्याच्याकडे बोट दाखवून 'हा परमेश्वर' म्हणणं आणि बंदीत हे बसत नाही म्हणणं, हे मला कळत नाही.

आणि हेतू चांगला होता एवढ्यानं भागत नाही. सोन्याचं वासरू करून अहरोन काय म्हणाला? "उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव आहे" (निर्गम ३२:५). दुसऱ्या कुठल्या देवाचं नाव त्यानं घेतलं नव्हतं. तरी ते पापच ठरलं.

एक गोष्ट मात्र न्यायानं सांगायला हवी. आमच्यातही यावर एक मत नाही. रामबामनं, म्हणजे मायमोनिडीस या थोर यहुदी पंडितानं, बाराव्या शतकात ख्रिस्ती लोकांना मूर्तिपूजकांतच धरलं. त्यानंतरच्या शतकात दक्षिण फ्रान्सातल्या मेईरी या रब्बीनं (यहुदी धर्मगुरूनं) तसं धरलं नाही. २००० साली अमेरिकेतल्या दीडशेहून जास्त रब्बींनी आणि अभ्यासकांनी जाहीर निवेदन काढलं, की यहुदी आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात, पण यहुद्यासाठी ख्रिस्ती उपासना हा मार्ग नाही. परक्यानं केलं तर एकवेळ चालेल, आपण केलं तर मूर्तिपूजा, असं आमच्याकडचे बरेच जण मानतात. मीही त्यातलाच.

पार्थिव

मी हिंदू आहे, आणि वरचं सगळं वाचून मनात जे साचलंय ते बोलतो. दोनशे वर्षं आम्हाला सांगितलं गेलं की तुम्ही दगडाला देव म्हणता. १८३१ च्या सुमारास मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, तेव्हापासून हे चालू आहे. यशयातला तो सुतारही आम्हाला ऐकवला जातो: अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, उरलेल्याचा देव करतो.

आमच्या घरी गणपती बसतो. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती असते, कुणीही उचलून इकडची तिकडे ठेवतं. उत्तरपूजेला अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलवली की पुन्हा माती, मग पाण्यात. मातीला देव कोणीच म्हणत नाही. देव तिथे येतो, राहतो, जातो, अशी भावना आहे. आता मला सांगा, परमेश्वर हाडामांसात उतरू शकतो आणि त्या देहापुढे गुडघे टेकणं ही मूर्तिपूजा नाही, तर तोच परमेश्वर मातीत उतरला असं मी मानलं तर ती मूर्तिपूजा कशी? हे मी चिडवायला विचारत नाही. माझ्या आजीच्या देवघराबद्दल अपमानाचे शब्द मी लहानपणापासून ऐकलेत.

शिलालेख

पार्थिव, तो अपमान झाला हे खरं आहे आणि त्यात आमचे लोक होते हेही खरं आहे. तुमच्या पूजेत माती आणि देव यांत फरक केला जातो, हे समजून न घेता यशयातला सुतार तोंडावर फेकणं अन्यायाचं होतं.

प्रश्नाचं उत्तर मात्र टाळत नाही. देवाला मातीत उतरणं अशक्य आहे असं मी म्हणणार नाही, त्याच्या सामर्थ्याला मी कुंपण घालणारा कोण? फरक बोलावण्यात आहे. प्राणप्रतिष्ठेत आवाहन माणूस करतो आणि विसर्जनही माणूसच. येशूच्या बाबतीत आम्ही मानतो की कोणी आवाहन केलं नाही, तो आपण होऊन आला. वासराचा दोषही मला तिथेच दिसतो: मोशे वर डोंगरावर असताना लोकांनी स्वतःच ठरवलं की देव कुठे आणि कशात भेटणार. अश्दोदकर, तुमच्या वासराच्या मुद्द्याला माझं उत्तर हेच.

पार्थिव

आमच्याकडे स्वयंभू स्थानं आहेत. तिथे आवाहन कोणी केलेलं नसतं. तुमच्या कसोटीवर ती उतरतात. तेव्हा ही कसोटी अपुरी आहे, एवढं तरी मान्य व्हावं.

वसईची लेक

प्रॉटेस्टंट बंधूंनी येशूची उपासना वाचवली आणि मूर्तीचा प्रश्न हळूच बाजूला ठेवला, म्हणून कॅथलिक बाजू मांडते. दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी याच आज्ञेचा आधार घेऊन चित्रं फोडली. दमास्कसच्या योहान नावाच्या मठवासी संतानं त्यावर जे उत्तर दिलं ते अश्दोदकरांच्या होरेबाच्या मुद्द्याला सरळ भिडतं: आकृती दिसली नव्हती तेव्हा बंदी होती, पण आता देव देहात दिसला, लोकांत राहिला, म्हणून जे दिसलं त्याचं चित्र काढता येतं. ७८७ च्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेनं भेद ठरवून दिला. प्रतिमेला मान, उपासना फक्त देवाला, आणि प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो.

गुड फ्रायडेला आम्ही रांगेनं क्रुसाजवळ जातो आणि लाकडी पायांवर ओठ टेकवतो. शेजारी उभा असलेला माणूस फडक्यानं ती जागा पुसतो, मग पुढचा. लाकूड आहे हे त्या फडक्यालाही माहीत आहे आणि आम्हालाही. पार्थिव यांचं मातीबद्दलचं बोलणं मला आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंपेक्षा लवकर समजलं.

खाडीकाठ

मान, उपासना, प्रतिमा, मूळ असे भेद करत गेलं की काहीही बसवता येतं. मला यात सगळ्यात बोलका प्रसंग पितळी सापाचा वाटतो. तो मोशेनं स्वतः देवाच्या सांगण्यावरून केला होता (गणना २१). शिलालेख यांची 'देवानं स्वतः दिलं' ही कसोटी तिथे पूर्ण लागू पडते. त्याच्याकडे पाहून लोक वाचले. आणि पुढे लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले तेव्हा हिज्कियानं त्याचे तुकडे केले, आणि त्याबद्दल त्याची वाहवा झाली (२ राजे १८:४). म्हणजे देवानं दिलेली, तारणारी गोष्टसुद्धा मूर्ती होऊ शकते. आता योहान ३:१४ वाचा. येशू स्वतःची तुलना कशाशी करतो? त्याच सापाशी. मी येशूला मान देते, त्याच्या नावानं पित्याकडे मागते, पण धूप त्याच्यापुढे जाळत नाही. डाविडनं कैदेत मरण पत्करलं ते याच रेघेसाठी. सोचिनीच्या बाजूनं मी वर लिहिलं, पण प्रार्थनेच्या बाबतीत मी डाविडजवळच उभी आहे.

शिलालेख

हा मुद्दा जोरकस आहे. पण साप 'मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं' असं कधी बोलला नाही. आणि इतिहास पाहा. सुमारे ११२ साली बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजानला कळवतो, की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. ओळखण्यासाठी तो त्यांच्यापुढे सम्राटाची मूर्ती ठेवतो आणि धूप व द्राक्षारस अर्पण करायला सांगतो. खरे ख्रिस्ती ते करत नाहीत, असं त्यालाही सांगण्यात आलंय. मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकण्यापेक्षा जी माणसं मरण पत्करत होती, तीच ख्रिस्ताला स्तोत्र गात होती. दोन्हींत विरोध आहे असं त्यांना वाटलं नाही. त्याच्याही आधी, वधस्तंभानंतर सुमारे पंचवीस वर्षांत, पौल करिंथकरांना लिहितो: आपल्याला एकच देव, म्हणजे पिता, आणि एकच प्रभु, म्हणजे येशू ख्रिस्त (१ करिंथ ८:६). तेही कुठे? मूर्तींच्या नैवेद्याबद्दल लिहिताना. आणि ती ओळ घडवलीय शेमाच्या शब्दांतून.

अश्दोदकर

माणसं मरायला तयार होती, यानं त्यांची निष्ठा सिद्ध होते, म्हणणं नाही. आमचेही लोक शेमा म्हणत मेलेत. रब्बी अकिवाबद्दल आमच्याकडे तेच सांगतात.

करिंथची ओळ मला माहीत आहे. शेमाचे दोन भाग करून एकात पिता आणि दुसऱ्यात येशू घातलाय, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तुम्हाला तो पुरावा वाटतो, कारण एका यहुद्यानं हे केलं. मला तेच सगळ्यात जास्त लागतं, कारण एका यहुद्यानं हे केलं. त्या वाक्यात 'एक' या शब्दानंतर आणखी नाव येत नाही. माझ्या आजोबांनी मरताना म्हटलं तेव्हाही ते तिथेच थांबलं होतं, आणि मी मुलांना शिकवतो तेव्हाही तिथेच थांबतो.

शिलालेख

मान्य, यावर तुमचं-माझं जमणार नाही. पण खाडीकाठ, तुमच्याकडून एक उत्तर बाकी आहे. स्तेफन दगडमार होत असताना "हे प्रभु येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर" अशी हाक मारतो (प्रेषितांची कृत्ये ७:५९). ती प्रार्थना नाही तर काय आहे?

खाडीकाठ

त्याच्या जरा आधीची ओळ घ्या, ७:५६. स्तेफनाला येशू देवाच्या उजव्या हाताला उभा दिसतोय. समोर दिसणाऱ्याला मारलेली हाक आहे ती. न दिसणाऱ्याकडे रोज रात्री गुडघे टेकून मागायचं, तर मी पित्याकडेच मागते, त्यानं शिकवलं तसं.