तातूचा पहिला अल्बम: गाणी मोठी की त्यामागचा बनाव?

रानवारा:
परवा गप्पांमध्ये एकजण म्हणाला, "तातू म्हणजे शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरींचं चुंबन, बाकी शून्य." मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: तातू ही रशियन पॉप जोडी, लेना कातिना आणि युलिया वोल्कोवा, मॉस्कोच्या दोघी. 'नेपोसेदी' या मुलांच्या गायनपथकातून आलेल्या. मे २००१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम '२०० पो व्स्त्रेच्नोय' आला, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या लेनमधून ताशी दोनशेने. २००२ च्या अखेरीस त्याचंच इंग्रजी रूप निघालं. त्यातलं 'ऑल द थिंग्ज शी सेड' फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे तिथंच राहिलं. त्याआधी कुठल्याही रशियन गायकाला हे जमलं नव्हतं.

आता व्हिडिओ बंद करा आणि नुसतं ऐका. ठेका मिनिटाला १८० च्या घरातला, अंगावर धावून येणारा. चाल मात्र उदास. याच गाण्याच्या मूळ रशियन रूपात 'मला वेड लागलंय, मला ती हवी' एवढंच परत परत येतं, डोक्यात एकच विचार घोळत राहावा तसं. लेनाचा आवाज मऊ, युलियाचा टोकदार, जवळजवळ किंचाळणारा. याच अल्बममधल्या 'नास ने दगोन्यात'मध्ये 'आम्हाला कोणी गाठू शकणार नाही' हे युलिया ज्या पट्टीत ओरडते, ते ऐकून आजही माझ्या अंगावर काटा येतो. हे कुठल्याही जाहिरातवाल्याला कागदावर लिहून काढता येत नाही. माझ्या मते त्या दशकातल्या उत्तम पॉप अल्बमांपैकी हा एक आहे.

गौरी_स:
रानवारा, व्हिडिओ बंद करा म्हणता, पण तो व्हिडिओच तर विकला गेला! हे गाणं रशियनमध्ये पहिल्यांदा डिसेंबर २००० मध्ये आलं तेव्हा लेना १६ वर्षांची होती आणि युलिया १५. पावसात भिजलेले तोकडे स्कर्ट, कॅमेरा कुठे थांबणार, मुलाखतीत 'आम्ही एकमेकींच्या प्रेमात आहोत' असं भासवायचं, या सगळ्याच्या मुळाशी इवान शापोवालोव्ह हा त्यांचा मॅनेजर. जाहिरात क्षेत्रात येण्याआधी हा माणूस मुलांचा मानसतज्ज्ञ होता. मुलांच्या मनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाने हे केलं, याची मला सर्वांत जास्त चीड येते. मी दोन किशोरवयीन मुलींची आई आहे. मला तो आवाज वेगळा काढून ऐकता येत नाही आणि काढायचाही नाही.

तबकडी:
रानवारांशी अर्धा सहमत. अल्बम उत्तम, पण रशियन. इंग्रजी आवृत्तीवर ट्रेव्हर हॉर्नसारख्या दिग्गज संगीत-निर्मात्याने काम केलंय, आवाज भव्य आहे, मान्य. पण दोघींना इंग्रजी शब्दांशी झटापट करावी लागते ती ऐकू येते. रशियन आवृत्तीचा संगीतकार सेर्गेई गालोयान, त्याचं मूळ काम कोरडं आणि रागीट आहे, आणि दोघी मातृभाषेत मोकळ्या सुटतात. फक्त इंग्रजी ऐकून मत बनवू नका एवढीच विनंती.

सदाफुली:
मी सहसा नुसती वाचते, आज लिहिते. गौरीताई, तुमचा राग समजतो. पण माझ्यासारख्या मुलीला तेव्हा काय उपलब्ध होतं? मी सांगलीला हॉस्टेलवर होते. मला मुली आवडतात हे सांगायला एक माणूस नव्हता, कायद्यात ३७७ कलम होतं. हे गाणं ऐकताना पहिल्यांदा वाटलं की हे आणखी कोणाला तरी होतं. त्या व्हिडिओचा शेवट आठवा. सुरुवातीपासून वाटतं, दोघी जाळीच्या कुंपणाआड अडकल्यात आणि लोक बाहेरून बघतायत. शेवटी त्या हातात हात घालून चालू लागतात आणि कळतं, कुंपणाआड बघेच आहेत. कोणी का बनवलेलं असेना, मला त्याने धीर दिला.

गौरी_स:
सदाफुली, तुमच्या अनुभवाबद्दल मनापासून आदर आहे. पण तुम्हाला जो धीर मिळाला तो खोट्यावर उभा होता, याचं मला वाईट वाटतं. आपण जोडपं नव्हतोच, हे नंतर त्यांनीच सांगितलं. आणि २०१४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात युलिया म्हणाली की मुलगा समलिंगी निघाला तर तिला ते चालणार नाही. ज्या मुलींनी तिच्या आवाजात स्वतःला ऐकलं, त्यांनी याचं काय करायचं?

निखिल_ठाणे:
यात सरकारचं वागणं तर सगळ्यांत संतापजनक. जून २०१३ मध्ये रशियाने अल्पवयीनांपुढे समलिंगी संबंधांचा 'प्रचार' करण्यावर बंदी आणणारा कायदा केला. आठ महिन्यांत, फेब्रुवारी २०१४ मध्ये, सोची ऑलिंपिकच्या उद्घाटनाआधी याच दोघींना गायला उभं केलं, आणि यजमान संघ मैदानात आला तोही 'नास ने दगोन्यात'च्या सुरांवर. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अख्खी एलजीबीटी चळवळच 'अतिरेकी' ठरवली. सदाफुली, आपल्याकडे २०१८ मध्ये ३७७ चा तो जाच संपला, तिथे उलटी गाडी चालली. म्हणून मी गौरीताईंच्या बाजूने. बनाव होता, त्यामुळे सरकारला तो सहज पचवता आला. खऱ्या जोडप्याला त्या मैदानावर कोणी उभं केलं नसतं.

रानवारा:
निखिल, हा मुद्दा बिनतोड आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गौरीताई, शोषण झालं याबद्दल आपल्यात वाद नाहीच. माझा आक्षेप पुढे आहे. अल्बम फेकून दिला की सगळं श्रेय मॅनेजरच्या खात्यात जातं आणि गायलेल्या दोन मुली त्यात उरतच नाहीत. शापोवालोव्हशी फारकत घेतल्यावर २००५ मध्ये त्यांनी 'डेंजरस अँड मूव्हिंग' काढला. त्यातलं 'ऑल अबाउट अस' ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेलं. तेव्हा तो नव्हता, आवाज तेच होते. त्यांच्या मेहनतीवर त्याचा शिक्का कशाला मारायचा?

गौरी_स:
श्रेय द्या ना, जरूर द्या. मी म्हणते, गाणं ठेवा आणि व्हिडिओ कपाटात टाका. माझ्या मुलींना मी कधी ऐकवलंच तर नुसतं गाणं ऐकवीन, तेही रशियन, तबकडी म्हणतात तसं.

सदाफुली:
ताई, कोणत्या वयात दाखवायचा यावर तुमचं ऐकेन. पण कपाटात नको. आत कोण आणि बाहेर कोण, हे नुसतं गाणं ऐकून मला कधीच कळलं नसतं.