प्रति: शिराकावा-गो आणि गोकायामा येथील छपरे

जपानच्या डोंगराळ भागातल्या शिराकावा-गो आणि गोकायामा इथली गाश्शो घरे, म्हणजे जोडलेल्या हातांसारखे उतरते गवती छप्पर असलेली घरे, एवढ्या उताराची बांधली गेली ती बर्फ घसरून पडावा म्हणून, असे वरच्या प्रतिसादात म्हटले आहे. ते चूक नाही. पण ते अपुरे आहे. त्या उंच छपराखाली दोन-तीन मजली माळे मिळत आणि तिथे रेशीमकिडे पाळले जात. डोंगराळ भागात भातशेतीला जागा फारशी नसल्यामुळे या जोडधंद्याला मोठे महत्त्व होते.

चर्चेत न आलेला भाग जमिनीखालचा आहे. गोकायामा हा पूर्वी कानाझावाच्या माएदा घराण्याच्या कागा संस्थानाचा मुलूख होता. तिथले लोक घरातल्या चुलीजवळच्या जमिनीच्या फळ्या उचलून खोल खड्डा खणत, त्यात माती, रानझुडपांचा पाला आणि माळ्यावरच्या रेशीमकिड्यांची लेंडी थरांनी भरत आणि चुलीच्या उबेत ते काही वर्षे कुजू देत. मग ती माती पाण्याने धुऊन, पाणी आटवून, त्यातून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा काढीत. वर रेशीम, खाली दारूगोळ्याचा कच्चा माल आणि मधे माणसे, असे हे घर होते. कागा संस्थान हा सोरा घेत असे. गावांची वाट बिकट असल्याने गुपितही आपोआप राखले जाई. पुढे मेइजी काळात (१८६८ ते १९१२) परदेशी स्वस्त सोरा आला आणि हा धंदा बसला.

शिराकावा-गोची गर्दी टाळायची असेल, तर गोकायामातल्या सुगानुमा गावी उतरावे. तिथे सोऱ्याचे छोटे संग्रहालय आहे. ही गावे १९९५ मध्ये एकत्रच जागतिक वारसा यादीत आली, तरी अनेक सहली सुगानुमा वगळतात.